गोड्या पाण्याची जीभ

लाइफ जॅकेटचा पट्टा त्यांना लागत नव्हता. होडीत बाकीचे बसून झाले होते आणि हे अजून धक्क्यावर उभे, बोटं थंडीने आखडलेली, बकल उलटं धरलेलं. मी पुढे झाले, बकल सरळ केलं, खटकन बसवलं. मान वर केली तेव्हा त्यांनी मला ओळखलं.

"रेश्मा? कोयंड्यांची रेश्मा? अगं, तू इथे कुठे?"

"नमस्कार सर."

"मालवणहून थेट उत्तर ध्रुवावर!" ते मोठ्याने हसले. होडीतल्या लोकांनी वळून पाहिलं.

"ध्रुव अजून बराच लांब आहे सर. बसा, होडी हलतेय."

मी हात दिला. डॉ. शरच्चंद्र उकिडवे माझ्या हाताला धरून होडीत उतरले. त्यांचं नाव मोहिमेच्या यादीत मी दोन महिने आधी वाचलं होतं. माझं त्यांनी वाचलं नव्हतं, कारण पाण्याचे नमुने काढणाऱ्यांची नावं सगळ्यात शेवटी, बारीक अक्षरात होती.

टक्टोयाक्टक हे गाव कॅनडाच्या अगदी वरच्या काठावर आहे. जवळच मॅकेन्झी ही अफाट नदी समुद्राला मिळते. किनारा उथळ, त्यामुळे मोठं जहाज लांब नांगरून राहतं आणि माणसं होडीने न्यावी लागतात. जुलैचा मध्य होता. सूर्य मावळतच नव्हता, नुसता आभाळात गोल फिरत होता. नदीने आणलेल्या गाळाने पाणी चहासारखं दिसत होतं.

जहाजावर चढल्यावर मोहिमेची प्रमुख मादलेन आम्हाला घ्यायला आली. पन्नाशीची, कमी बोलणारी, क्यूबेककडची बाई. उकिडव्यांनी तिच्याशी हात मिळवला आणि दुसरा हात माझ्या खांद्यावर ठेवला.

"ही माझी विद्यार्थिनी. आकडे साफ करून द्यायची मला. फार कष्टाळू मुलगी."

मी खांदा काढून घेतला नाही. हसले सुद्धा. सहा वर्षं मी ज्या दिवसाची वाट पाहत होते त्याची सुरुवात अशी होईल असं मात्र वाटलं नव्हतं.

आता मागचं सांगते.

अलिबागजवळ एका उद्योगपतीच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या सागरविज्ञान संस्थेत मी उकिडव्यांच्या हाताखाली पीएच.डी. करत होते. समुद्रातलं मीठ आकाशातून मोजणारे उपग्रह तेव्हा नवे होते. त्यांचं काम समजायला अवघड नाही. समुद्राच्या पाठीवरून सूक्ष्म लहरी निघतात. खारं पाणी त्या कमी सोडतं, गोडं पाणी जरा जास्त. त्या फरकावरून वरच्या थरात मीठ किती हे काढायचं. पण पाणी थंड असेल तर फरक अगदी बारीक होतो, म्हणून ध्रुवाकडच्या समुद्रांचे नकाशे कोणी गंभीरपणे घेत नसे. तो भाग मला दिला गेला, कारण तो कोणालाच नको होता.

मला तो आवडला. माझे बाबा मासेमारी करायचे. पावसाळ्यात कर्लीच्या खाडीचं पाणी समुद्रावर चढून कुठवर जातं ते होडीतून दाखवायचे. म्हणायचे, "गोड्या पाण्याक वजन नाय गो, ता वरच रवता." उपग्रहातून मी तेच पाहत होते, फक्त फार मोठं आणि फार थंड.

आठ महिने मी ते आकडे चाळले. एक दिवस मॅकेन्झीच्या मुखाजवळ किनाऱ्याला धरून पसरलेल्या पाण्यातून एक पट्टा वेगळा फुटलेला दिसला. ईशान्येला, सरळ समुद्रात, नव्वद किलोमीटर आत. मी तीन उन्हाळे तपासले. दर जुलैत तो होता, ऑगस्टच्या मध्यावर नाहीसा होई. नदीचं पाणी एवढ्या आत जात असेल तर हिवाळ्यात बर्फ कुठे आधी धरणार, मासे कुठे वळणार, सगळे अंदाज बदलणार होते. मी नकाशा छापला, पट्ट्याभोवती लाल पेन्सिलीने रेघ ओढली आणि सरांच्या टेबलावर ठेवला.

"सर, ही बघा जीभ."

त्यांनी चष्मा वर सरकवून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "बरं आहे," म्हणाले. "पण अजून पक्कं नाही. कोणाजवळ बोलू नकोस. फाइल माझ्याकडे पाठवून ठेव."

सात महिन्यांनी त्यांचा लेख एका नामांकित नियतकालिकात आला. लेखक म्हणून एकच नाव होतं. नकाशा माझा, रेघसुद्धा माझी, फक्त पेन्सिलीऐवजी छापील. शेवटी आभार होते: 'आकृत्यांच्या कामी साहाय्य केल्याबद्दल कु. आर. कोयंडे.'

मी त्यांच्या खोलीत गेले. काय बोलले ते नीट आठवत नाही. त्यांचं उत्तर मात्र आठवतं. "नाव छापून आलंय ना तुझं? आणखी काय हवंय? तुझ्या घरात आजवर कोणाचं नाव छापून आलं होतं?"

मी संचालकांकडे तक्रार केली. तीन आठवड्यांत ते प्रकरण मिटलं. मला पदवी मिळाली आणि मी देश सोडला. कॅनडातल्या व्हिक्टोरियात एका प्रयोगशाळेत जहाजावरून आणलेल्या पाण्यातलं मीठ मोजायचं काम मिळालं. उपग्रहांच्या कामाला पुन्हा हात लावला नाही. इकडे परदेशातले लोक त्या पट्ट्याला 'उकिडवे टंग' म्हणू लागले. त्यांना ते नाव धड उच्चारता येत नसे, तरी प्रत्येक नकाशावर छापत. दर वेळी ते वाचलं की माझ्या कानशिलाची शीर उडे. बाबा गेले तेव्हा मी दहा दिवस मालवणला होते. शेवटचं बोलणं झालं तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "तुझ्या जिभेचा काय झाला?" मी सांगितलं, छापतायत अजून, माझ्या नावाने.

तर त्या मोहिमेचं काम असं होतं की ती जीभ जहाजाने प्रत्यक्ष गाठायची आणि पाणी काढून मीठ मोजायचं. आजवर कोणी केलं नव्हतं. जुलैत तिकडे जहाज न्यायला कोणी तयार नसे. पुढच्या उपग्रहाची आखणी करणारी एक समिती बसणार होती. मादलेन तिच्यावर होती आणि अध्यक्ष म्हणून उकिडव्यांचं नाव जवळपास ठरलेलं होतं. ही पडताळणी झाली की शिक्कामोर्तब.

आणि मीठ मोजणार होते मी. सुरुवातीला माझा बेत साधा होता. मोजणी चोख करायची, आकडे जुळले की भर बैठकीत उभं राहून सगळ्यांदेखत सांगायचं, ही जीभ माझी आहे, ह्यांनी चोरली. भाषण पाठ होतं माझं. सहा वर्षं आंघोळ करताना, भांडी घासताना म्हणत आले होते.

जहाजावर आयझॅक नावाचे एक गृहस्थ होते. साठीचे, टक्टोयाक्टकच्याच इनुव्हियालुइट या मूळ रहिवाशांपैकी. देवमासे आणि अस्वलं दिसली की जहाजाला सावध करायचं हे त्यांचं काम. दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारी करताना ते भिंतीवरचा मोठा नकाशा बघत उभे होते. निळ्या समुद्रात ती फिकट हिरवी जीभ.

"हे काय आहे, पोरी?" त्यांनी मला विचारलं.

"गोडं पाणी. नदीचं. उपग्रहातून असं दिसतं."

"इथे?" त्यांनी जिभेच्या मध्यावर बोट ठेवलं. "जुलैत?"

"हो. दरवर्षी."

ते हसले नाहीत. टोस्ट चावत जरा वेळ बघत राहिले. "इथे तर बर्फ असतो. हिवाळ्यात तळाला रुतून बसलेला. बाकीचा वितळून जातो, हा शेवटपर्यंत राहतो. माझा बाप इथे सील मारायचा."

"पण बर्फाचे नकाशे वेगळे असतात. त्यात इथे काही दिसत नाही."

"दिसणार कसा? नदीच्या चिखलाने काळा झालेला असतो. वर पाणी साचलेलं. होडी आपटेपर्यंत आम्हालासुद्धा दिसत नाही कधी कधी."

माझ्या हातातला चहाचा मग मी टेबलावर ठेवला.

बर्फ हा गोड्या पाण्याहूनही जास्त लहरी सोडतो. उपग्रहाच्या एका नजरेत चाळीस-पन्नास किलोमीटरचा चौकोन मावतो. त्यात थोडासा बर्फ मिसळला आणि तो बर्फ आहे हे आपल्याला ठाऊक नसलं, तर आकडे सांगणार, इथे गोडं पाणी आहे. दर जुलैत सांगणार. ऑगस्टच्या मध्यावर बर्फ वितळला की जीभ नाहीशी होणार. मी ती वाऱ्याने जाते असं लिहिलं होतं.

म्हणजे जीभ नव्हतीच. आठ महिने डोळे फोडून मी जे शोधलं होतं ते काहीच नव्हतं. मी डेकवर गेले, कठड्याला धरून उभी राहिले. आणि मग, किती वेळाने ते सांगता येणार नाही, मला एकदम हसू आलं. जगातल्या प्रत्येक नकाशावर त्या चुकीला नाव कोणाचं होतं?

मी खाली आले आणि कामाला लागले.

मी सरांना बाजूला घेऊन सांगू शकले असते. त्यांनी त्याच दुपारी बैठकीत म्हटलं असतं, मित्रहो, मला माझ्या निष्कर्षाबद्दल शंका येऊ लागली आहे. मोठेपणा मिळाला असता त्यांना. तसं होऊ द्यायचं नव्हतं. आयझॅकना मी विचारलं, "हे आणखी कोणाला सांगितलंत?" ते म्हणाले, "कोणी विचारलंच नाही."

पहिल्या आराखड्यात जिभेच्या कडेकडेनेच पाच ठिकाणी नमुने घ्यायचे होते. मी मादलेनला म्हटलं, "कडेचं पाणी मिसळलेलं असतं, त्यातून काही सिद्ध होत नाही. मधून सरळ गेलो तर?" तिने समुद्राची खोली पाहिली, वाऱ्याचा अंदाज पाहिला आणि कबूल केलं. मग दुपारच्या बैठकीत वीसेक माणसं बसलेली असताना मी हात वर केला.

"सर, एक सुचवू? आपण उद्या जिथे जिथे थांबणार तिथे किती मीठ सापडेल ते आज तुम्ही फळ्यावर लिहून ठेवलंत तर? म्हणजे आकडे नंतर जुळवले असं कोणी म्हणायला नको."

"उत्तम सूचना," मादलेन म्हणाली.

उकिडवे खुशीने उठले. पांढऱ्या फळ्यावर त्यांनी पाच आकडे लिहिले. किलोभर पाण्यात चौदा ग्रॅम मीठ, मग बारा, अकरा, तेरा, सतरा. खाली रेघ मारली, तारीख घातली, सही केली. सहीखाली दोन टिंबं देण्याची त्यांची सवय होती. ती दिली. माझ्याकडे बघून म्हणाले, "बघा, आमच्याकडे शिस्त अशी शिकवतात."

संध्याकाळी मी डेकवर नमुन्यांच्या बाटल्या लावत होते. ऊन दुपारइतकंच लख्ख होतं. ते आले. टोपी कानांवर ओढलेली, नाक लाल झालेलं.

"रेश्मा, जरा बोलायचं होतं."

"बोला ना सर."

"इथे नको. आत बसू. थोडा वेळ लागेल." मग थांबून म्हणाले, "सहा वर्षं झाली, नाही का गं?"

मी बाटलीचं झाकण घट्ट करत होते. मला त्यांचा चेहरा पाहायचा नव्हता. गोड बोलून मला आपल्या बाजूला वळवायला आले आहेत असं वाटलं.

"उद्या नमुने होऊ देत सर. मग बोलू."

"उद्या?"

"हो. काम झालं की."

"बरं," ते म्हणाले. "काम झाल्यावर." थोडे घुटमळले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या जागी पोचलो. आधीचे तीन दिवस वारा होता, समुद्र वरून चांगला घुसळलेला होता. पहिला थांबा, दुसरा थांबा. तिसऱ्याला येता येता पुढे उभ्या असलेल्या आयझॅकनी हात वर केला आणि जहाज हळू झालं. पाण्यातून काळपट, सपाट पाठी वर आल्या होत्या. म्हशी डुंबत असाव्यात तशा. जवळ गेल्यावर कडेने हिरवट चमक दिसली. बर्फ होता. मधून मधून, विखुरलेला, क्षितिजापर्यंत.

उकिडवे कठड्याशी होते. मी त्यांच्याकडेच पाहत होते. आधी त्यांनी दुर्बीण लावली. मग काढली. डोळे बारीक करून आभाळाकडे पाहिलं, जणू तिथून काही पुरावा मिळणार होता. मग कठडा दोन्ही हातांनी धरला. हुशार माणूस होता तो. त्यांना सगळं कळायला मला लागला त्याहून जास्त वेळ लागला नसेल. ते हळूहळू माझ्या दिशेने वळले. मी पाण्याची बाटली उजेडात धरून तिच्यावर थांब्याचा क्रमांक लिहीत होते. एकेक अक्षर नीट काढलं.

पाचही ठिकाणचं पाणी मी प्रत्येकी तीन वेळा मोजलं. एकदाही चूक केली नाही. आकड्यांत फेरफार करण्याची गरजच नव्हती, खरे आकडेच पुरे होते.

बैठकीला सगळे जमले. फळ्यावर कालची सही तशीच होती. मी आवाज होऊ न देता पेनाचं टोपण काढलं आणि त्यांच्या आकड्यांसमोर माझे लिहिले. अठ्ठावीस पूर्णांक चार. अठ्ठावीस पूर्णांक नऊ. एकोणतीस पूर्णांक दोन. एकोणतीस. अठ्ठावीस पूर्णांक एक.

एका कोपऱ्यात कोणीतरी खुर्ची सरकवली.

"हे खारं पाणी आहे," मादलेन म्हणाली. "साधं समुद्राचं."

"हो. उपग्रहाने पाहिला तो रुतलेला, चिखलाळलेला बर्फ. आयझॅकना हे ठाऊक होतं, इथे सगळ्यांना ठाऊक आहे. बर्फाच्या नकाशात तो येत नाही, म्हणून गोड्या पाण्याच्या नकाशात आला." मी शांतपणे सांगितलं. "जीभ नाही. कधीच नव्हती."

सगळ्यांनी उकिडव्यांकडे पाहिलं. ते उठले. सगळ्यांसमोर बोलताना ते एक हात नेहमी कोटाच्या खिशात ठेवत, त्या दिवशी दोन्ही बाहेर होते.

"मला एक सांगायचं आहे," ते म्हणाले. "हे निरीक्षण माझं नाही. ही जीभ पहिल्यांदा पाहिली ती रेश्माने. लेखात तिचं नाव पहिलं असायला हवं होतं. मी ते घातलं नाही. ती चूक... तो अन्याय माझा आहे. पण शोध तिचा."

सहा वर्षं जे वाक्य ऐकण्यासाठी मी तरसले होते ते मला असं मिळालं. शब्द न् शब्द तेच. फक्त एक दिवस उशिरा.

मादलेन माझ्याकडे वळली. "खरं आहे हे?"

इथे एक गोष्ट सांगायला हवी, ती मी मघाशी गाळली. माझी तक्रार तीन आठवड्यांत मिटली ती कशी. संचालकांच्या खोलीत मला एक कागद देण्यात आला होता. पदवी हवी असेल तर माफीनामा. मजकूर उकिडवे सांगत होते, लिहीत मी होते. सदर निरीक्षण हा डॉ. उकिडवे यांचा शोध असून त्यावर माझा कोणताही दावा नाही. गैरसमजातून केलेल्या तक्रारीबद्दल मी क्षमा मागते. लिहून झाल्यावर त्यांनी कागद वाचला, परत माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "माझ्या नावाआधी 'सर्वस्वी' घाल." मी वर बारीक अक्षरात 'सर्वस्वी' घातलं. त्याची एक प्रत मला दिली गेली. आईला दाखवायला म्हणून नव्हे, पुन्हा तोंड उघडू नये म्हणून.

मादलेन उत्तराची वाट पाहत होती. हो म्हणायला माझं काय जात होतं? चूक माझी ठरली असती, पण चोरी त्यांची ठरली असती, आणि ते तर खरंच होतं. तरुण होते मी तेव्हा, चूक करायला वाव असतो. लोकांनी समजून घेतलं असतं. बाबांना मी जे सांगितलं होतं तेही खरं झालं असतं.

पण मला ते उभे दिसत होते, हात बाहेर, चेहरा मोकळा. सगळं बोलून टाकल्यावर माणूस दिसतो तसे. मला त्यांना मोकळं होऊ द्यायचं नव्हतं.

"नाही," मी म्हटलं. "तो शोध सर्वस्वी डॉ. उकिडव्यांचा आहे. मी फक्त आकडे साफ करायची. तसं मी संस्थेत लिहूनही दिलेलं आहे. हवं तर प्रत दाखवते."

ते माझ्याकडे बघत राहिले. 'सर्वस्वी' हा शब्द मी मराठीतच म्हटला होता, इंग्रजी वाक्याच्या मध्ये. बाकी कोणाला तो कळला नाही. ते खाली बसले. खुर्ची थोडी मागे होती, जवळजवळ पडलेच, शेजारच्याने धरलं.

मादलेनला मी ती प्रत भाषांतरासह पाठवली. तिने एकदाच विचारलं, "मग ते असं का म्हणाले?" मी म्हटलं, "बुडणाऱ्याने कोणाला तरी धरायचं असतं." तिला ते पटलं. सगळ्यांना पटलं. आपली चूक जुन्या विद्यार्थिनीच्या गळ्यात घालू पाहणारा म्हातारा, अशी त्यांची गोष्ट त्या जहाजावरून निघाली आणि आमच्या छोट्या जगात सगळीकडे पोचली. समितीवरून त्यांचं नाव गेलं. लेख त्यांनी मागे घेतला. वर्षभर आधीच निवृत्त झाले. चुकीबद्दलचा लेख मी लिहिला, त्यावर आयझॅकचं नाव माझ्या बरोबरीने आहे. ते म्हणाले होते, "जे गावात सगळ्यांना माहीत आहे त्यावर माझं नाव कशाला?" मी ऐकलं नाही. आज कोणी ध्रुवाकडच्या समुद्रातलं नदीचं पाणी उपग्रहातून पाहत असेल तर तो लेख वाचल्याशिवाय पुढे जात नाही. मला कायमची नोकरी त्याच लेखाने मिळाली.

हे सगळं नंतर. त्याआधी आम्हाला परतायचं होतं.

टक्टोयाक्टकच्या दक्षिणेला इनुविक हे गाव आहे, तिथला विमानतळ म्हणजे एक मोठी खोली. सामानाच्या पट्ट्याजवळ पेंढा भरलेलं पांढरं अस्वल उभं आहे. विमान तीन तास उशिरा होतं. जहाजावरचे बाकीचे आदल्या दिवशी गेले होते, आम्ही दोघेच मागे राहिलो होतो. ते एका बाकावर, मी समोरच्या. दोन तास गेले. त्यांनी पिशवीतून डबा काढला, त्यात दाण्याचे लाडू होते, बायकोने दिलेले असणार. एक खाल्ला. डबा माझ्यापुढे धरावा की नाही असा हात क्षणभर अधांतरी राहिला, मग त्यांनी झाकण लावलं.

बैठक संपल्यापासून एकच गोष्ट माझ्या डोक्यात कुरतडत होती. ते डेकवर आले होते ते नमुन्यांच्या आदल्या संध्याकाळी. तेव्हा त्यांना बर्फाचं काही ठाऊक नव्हतं. तेव्हा ती जीभ अजून सोन्याची होती. मी उठून त्यांच्या बाकावर गेले, मध्ये एक जागा सोडून बसले.

"सर, एक विचारायचं आहे."

"विचार."

"त्या संध्याकाळी डेकवर तुम्ही मला काय सांगणार होतात?"

समोरच्या काचेतून धावपट्टी दिसत होती, पलीकडे खुरटी झाडं. मला वाटलं ऐकू गेलं नसावं.

"सर, जे तुम्ही बैठकीत बोललात, तेच आधी बोलणार होतात का? का दुसरं काही?"

"समज, तेच बोलणार होतो," ते म्हणाले. "तर तू काय करशील?"

मी मधल्या रिकाम्या जागेकडे पाहिलं.

"आणि समज, तुझ्याकडून कामाबद्दल एक चांगलं पत्र मागायला आलो होतो. त्या समितीसाठी. मग काय करशील?"

"मला फक्त खरं काय ते हवंय."

"हो ना." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. आवाजात राग नव्हता, तसा असता तर बरं झालं असतं. "तुझं जे होतं ते मी घेतलं. ते मी परत देत होतो, तू घेतलं नाहीस. सगळ्यांसमोर ते माझंच आहे म्हणालीस. ठीक आहे. मग एवढंसं तरी माझ्याकडे राहू दे, रेश्मा. ह्याचं उत्तर मी तुला देणार नाही."

"सर..."

"नाही. कधीच नाही."

विमानाची घोषणा झाली. ते उठले, सामान उचललं, दारातल्या मुलीला पास दाखवून पायऱ्या उतरले. विमान छोटं होतं. माझी जागा त्यांच्या बरोबर मागे निघाली. उत्तरेकडून दक्षिणेकडे साडेतीन तास. त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही, डोळेही मिटले नाहीत. खिडकीच्या काचेत मला त्यांचा अर्धा चेहरा दिसत होता आणि तो पूर्ण वेळ जागा होता.